शाळेत सगळ्यांना आपलं वाटावं म्हणून काय करायचं? बेळगाव सीमाभागातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी खानापूर रस्त्यावरच्या एका गावात सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीवर (शाळेच्या पालक कमिटीवर) आहे. पालकांच्या ग्रुपवर आणि शाळेच्या गेटवर तेच तेच प्रश्न येत राहतात, काही तर रात्री अकराला व्हॉइस मेसेजवर येतात, म्हणून एकदाच बसून सगळं एका जागी लिहून काढलंय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त शिव्या काढल्यात. एका प्रश्नाचं थोडं उत्तर दुसरीकडं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. हे 'सर्वसमावेशक' म्हणजे नक्की काय हो? भाषणातला शब्द वाटतो.

भाषणातलाच आहे. मी तो शब्द मीटिंगमध्ये वापरत नाही. मी तीन गोष्टी बघते. पोरगं वर्गात चुकीचं उत्तर द्यायला घाबरतंय का, जेवायला बसताना त्याच्या शेजारी कोण बसतंय, आणि त्याची आई मीटिंगला आली तर खुर्चीवर बसते की दाराजवळ उभी राहते. या तीन गोष्टी ठीक असल्या तर शाळा बरी चाललीय. नसल्या तर भिंतीवर कितीही सुविचार रंगवा, काही फरक पडत नाही.

२. आमच्या मराठी शाळेत सगळी मराठीच पोरं. इथं कसली विविधता?

हजेरीपत्रक काढून बघा एकदा. घरात कन्नड बोलणारी पोरं असतात, मुसलमान असतात, जैन असतात, जंगलाकडच्या गवळी धनगरांची असतात. खानापूर तालुक्यात सिद्दी कुटुंबं आहेत (बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना २०२० मध्ये अनुसूचित जमातीच्या यादीत घेतलं). निपाणीकडं विडी वळणाऱ्या बायकांची पोरं असतात, दिवाळीनंतर ऊसतोडवाल्यांची येतात.

आणि मराठी तरी एक कुठाय? आपल्याकडची पोरं "काय करूलालंय", "जाऊलालोय" असं बोलतात, पोरीसुद्धा "मी येतो बाई" म्हणतात, आणि टीव्हीवरची मराठी ऐकून आलेली चार पोरं त्यावर फिदीफिदी हसतात. दुसरीतल्या एका पोरीनं उठून "बाई, मी पाणी पिऊन येतो" म्हटलं, तर बाईंनी "येतो नाही, येते. तू मुलगा आहेस का?" असं विचारलं, सगळा वर्ग हसला, आणि ती पोरगी पुढं कितीतरी दिवस पाणी प्यायलाच उठली नाही. बाई वाईट नव्हत्या, त्यांना फक्त कुणी सांगितलं नव्हतं की इथं बायका असंच बोलतात. मी स्वतः घरात सासूशी "मी जातो" असंच बोलते, बँकेत गेले की "जाते" होतं. पोरांनाही दोन्ही येतं हळूहळू. वहीत पुस्तकातली मराठी लिहायला शिकवायची, ती लागणारच आहे, पण तोंडातली मराठी चूक आहे असं म्हणायचं नाही. बाईंना आम्ही हेच सांगितलं, त्यांनी ऐकलंही.

३. मराठी शाळेत घातलं तर कन्नड कच्चं राहील, पुढं नोकरीला अडेल. मग कन्नड माध्यमात घालू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो पुढाऱ्यांना विचारला की दोन टोकांची उत्तरं मिळतात. मी आई म्हणून सांगते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय करावी असं राज्यघटनेचं कलम ३५०अ सांगतं. राज्य पुनर्रचना झाली त्याच वर्षी, १९५६ ला, ते घातलं गेलं, म्हणजे आपल्यासारख्या सीमेवर राहिलेल्यांसाठीच. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यातही शक्य तिथं मातृभाषेतून शिकवा असं आहे. आणि कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं इथल्या शाळांमध्ये कन्नड शिकवणं सक्तीचं आहे, म्हणजे मराठी माध्यमात घातलं म्हणून कन्नड सुटत नाही.

आता खरी गोष्ट. कन्नड कच्चं राहतं ते माध्यमामुळं नाही, कन्नड शिकवायला नीट माणूस नसतो म्हणून राहतं. तर भांडायचं ते कन्नडच्या शिक्षकासाठी भांडा. पोराला तलाठ्याकडं, सरकारी बसमध्ये, दवाखान्यात कन्नड लागणारच आहे, ते चांगलं यावं असं म्हटल्यानं आपण मराठीचे दुश्मन होत नाही.

४. घरात आम्ही कन्नड बोलतो, पोरीला मराठी शाळेत घातलंय. पहिलीत ती गप्पच बसते. डोकं कमी आहे का?

नाही हो. नवीन भाषेत पडलेलं पोर आधी नुसतं ऐकतं, काही आठवडे, कधी काही महिने. घरी बोलतेय ना नीट? मग तिचं सगळं ठीक आहे. घरी कन्नडही बोलत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा कान तपासून घ्या आणि १० नंबर वाचा.

सरकारी शाळेत पहिली ते तिसरी नलीकली असते, पोरं गटानं खाली बसून कार्डं घेऊन शिकतात, त्यात हे सोपं जातं. तिच्या गटात दोन्ही भाषा येणारं एक पोर बसवा म्हणून सांगा. आमच्या बाईंनी अजून एक केलं. सकाळी दारात उभं राहून "बर्री, कूडरी" (या, बसा) असं कन्नडमध्ये म्हणायला लागल्या, फक्त दोन शब्द. त्या पोरीच्या तोंडावरचं हसू तेव्हा बघायला पाहिजे होतं. आणि घरात कन्नड बंद करून मोडकी मराठी बोलायला लागू नका, कुणी सांगितलं तरी. घरातली भाषा पक्की असली की दुसरी पटकन बसते.

५. एकाच कंपाउंडमध्ये मराठी आणि कन्नड शाळा. मधल्या सुट्टीत पोरं 'तुमचे-आमचे' करून भांडतात.

सीमाभागात अशा जोडशाळा भरपूर. हेडमास्तर दोन, मैदान एक, नळ एक. भांडणं नळावर सुरू होतात, भाषा नंतर येते. आम्ही आधी नळाचीच तोटी दुरुस्त केली आणि अजून एक नळ बसवला, अर्धं भांडण तिथंच संपलं.

दुसरं म्हणजे माध्यमावर टीम पाडायची नाही, कधीच नाही. मराठी विरुद्ध कन्नड खो-खो ठेवला की बाहेरचे चार रिकामटेकडे येऊन ओरडायला लागतात, हे आम्ही एकदा भोगलंय. चिठ्ठ्या टाकून टीम पाडा. मिसळलेल्या टीममध्ये पोरं दोन दिवसांत एकमेकांची भाषा उचलतात, आधी शिव्या उचलतात, तेवढं चालवून घ्या.

सहलीला लांब जायची गरज नाही. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये २६ जानेवारीलाच नंदगडला फाशी दिलं, ते नंदगड आपल्या खानापूर तालुक्यात, आणि तिथली पोरं मराठी बोलतात. कन्नड शाळेतल्या पोरांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, आपल्या पोरांना ते आश्चर्य बघून मजा वाटते. दोन्ही शाळांची मिळून एकच सहल नेली होती, बसमध्ये अंताक्षरी कुठल्या भाषेत चालली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

६. १ नोव्हेंबरला पोराला शाळेत पाठवू की नको?

यावर माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. त्या दिवशी शाळेत कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि गावात मराठी लोकांचा काळा दिवस असतो. मोठ्यांनी काय करायचं ते मोठ्यांनी ठरवावं, महाराष्ट्रानं सीमेचा दावा २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात नेलाय, तो पोरांच्या दप्तरात नेऊ नये. पाठवायचं नसेल तर नका पाठवू, पण दुसऱ्या दिवशी त्याला 'काल कुठं होतास' म्हणून उभं करायचं नाही, हे शिक्षकांना आधी सांगून ठेवा. आणि जो गेला, नाडगीत (राज्यगीत) म्हटलं, लाडू खाऊन आला, त्याला गल्लीत कुणी फितूर म्हणायचं नाही. दोन्हीकडच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी एकाच बाकावर बसायचंय.

७. बिसीऊट मध्ये (शाळेतल्या दुपारच्या जेवणात) अंडं देतात. आम्ही जैन, आमच्या पोरानं काय करायचं? आणि अंडं खाणाऱ्यांपासून वेगळं बसवता येईल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, अंडं नको असेल तर केळं मिळतं, सक्ती कुणावर नाही. आधी नाव सांगून ठेवायचं म्हणजे मोजून आणता येतं. आता अंडं आठवड्यातनं सहा दिवस असतं, त्यामुळं हा प्रश्न रोजचाच झालाय.

दुसऱ्याचं उत्तर नाही. वाटताना रांगा दोन असतील तर असोत, पण बसताना पंगत एकच. कारण थोडे दिवस नीट बघितलं की कळतं, केळ्याची रांग आणि अंड्याची रांग म्हणजे हळूहळू गावातल्या गल्ल्याच होऊन जातात, मग खेळात तेच गट, मग गणपतीत तेच. आमच्याकडं पोरं हजेरी नंबरनं बसतात, १ ते १०, ११ ते २०, त्यामुळं कुणाच्या शेजारी कोण हे कुणी निवडत नाही. सुरुवातीला एक आजोबा येऊन भांडले, "आमच्या नातवाला वास येतो". नातू काय करत होता बघितलं तर शेजाऱ्याला अंडं सोलून देत होता.

आणि कुणी म्हणालं की अमुक बाईनं शिजवलेलं आमचं पोर खाणार नाही, तर तो आवडीनिवडीचा विषय नाही, ती अस्पृश्यता आहे. घटनेच्या १७ व्या कलमानं ती बंद झालीय, त्यावर १९५५ चा आणि १९८९ चा असे दोन कायदे आहेत. हे गोड बोलून सांगा, पण सांगा. ज्या निपाणीत १९२५ मध्ये बाबासाहेबांनी परिषद घेतली, त्या भागात शंभर वर्षांनी हे परत सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

८. स्कॉलरशिपसाठी वर्गात जात विचारतात. हे बरोबर आहे का?

माहिती लागते, ती एसएटीएस वर (पोरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) भरावी लागते, स्कॉलरशिप त्यावरच मिळते. चूक आहे ती पद्धत. "एससी वाले उभे राहा" असं भर वर्गात म्हणणं. मी शाळेत होते तेव्हा हेच व्हायचं, माझी मैत्रीण दरवर्षी त्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी राहायची आणि मला कितीतरी वर्षांनी कळलं की का. फॉर्म पालकांकडं बंद पाकिटात द्या, भरून परत घ्या, पैसे खात्यावर जातात. पाच मिनिटं जास्त लागतात, बस्स.

९. ऊसतोडवाल्यांची पोरं नोव्हेंबरात येतात, मार्चमध्ये जातात. दाखला नाही, आधार नाही. शाळा घेत नाही म्हणते. घ्यावंच लागतं का?

घ्यावंच लागतं. आरटीई मध्ये स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही, वर्ष अर्धं झालं तरी घ्यायचं, आणि वयाप्रमाणं वर्गात बसवून जे राहिलंय त्याची वेगळी शिकवणी द्यायची. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक पोराला हे लागू आहे, ते बीडचं असो नाहीतर विजापूरचं.

अडचण वेगळीच असते. मुकादमाला पोरगी कोपीवर (ऊसतोडवाल्यांच्या झोपडीवर) लहान भावाला सांभाळायला हवी असते. शाळा दहाला आणि आई-बाप पहाटे चारला फडात. आम्ही काय केलं तर कोपीवर जाऊन पोरांची यादी केली, लहान भावंडाला अंगणवाडीत बसवायचं बोलून घेतलं, मग मोठी शाळेत आली. एका वर्षी चौथीच्या वर्गात अशी एक पोरगी आली, वाचता धड येत नव्हतं म्हणून मागं बसवली होती. गणिताच्या तासाला सरांनी वीसाचा पाढा विचारला, वर्ग गप्प, आणि ती मागून घडाघडा म्हणत सुटली. सरांनी विचारलं कुठं शिकलीस, तर म्हणाली गाडी भरताना मोळ्या मोजतो आम्ही. दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर.

जाताना तिला दाखला, पुस्तकं आणि एसएटीएस नंबर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, पुढच्या गावात तेवढंच उपयोगी पडतं.

१०. पोराला ऐकू कमी येतं. शाळा म्हणते स्पेशल शाळेत घाला.

ते ठरवायचा हक्क शाळेला नाही, तुम्हाला आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारच्या अपंगत्वांना लागू आहे, आणि ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत नाहीतर स्पेशल शाळेत, तुम्ही निवडाल तिथं फुकट शिक्षण. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या, त्याशिवाय पुढं काहीच हलत नाही. तालुक्याला बीआयईआरटी म्हणून खास शिक्षक असतात, त्यांचा नंबर बीईओ (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या) ऑफिसात मागा.

वर्गात लागतं ते फार थोडं. पहिला बाक, सरांनी फळ्याकडं तोंड करून न बोलणं, आणि 'बहिऱ्या' अशी हाक कुणी न मारणं. परीक्षेत जास्त वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर अर्ज नववीतच करा, दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करू नका.

११. वडिलांचं नाव नाही. फॉर्मवर काय लिहायचं?

आईचं लिहायचं, पालक म्हणूनही आईचंच. सौंदत्तीच्या बाजूला देवदासी कुटुंबांतल्या पोरांना हा प्रश्न पिढ्यानपिढ्या आलाय. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानंच बंदी आली, तरी त्या आयांच्या पोरा-नातवांना अजून वर्गात नको ते ऐकावं लागतं. लग्न न झालेल्या आईला वडिलांचं नाव न सांगता एकटीला पालकत्व मिळू शकतं असं सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये म्हटलंय. कारकून अडला तर हेडमास्तरांकडं, तेही अडले तर १४ नंबर. आणि 'माझे बाबा' असा निबंध द्यायच्या ऐवजी 'माझ्या घरातलं माणूस' असा द्या, हे शिक्षकांसाठी.

१२. पोरीच का झाडतात वर्ग? आणि संडास धुवायला ठराविकच पोरं?

झाडायचं तर पाळीनं, मुलगे-मुली दोन्ही, यादी भिंतीवर लावून. संडास कुठल्याच पोरानं धुवायचा नाही, आणि ठराविक जातीच्या पोरांना सांगणं तर थेट गुन्हा आहे. एवढंच.

१३. एसडीएमसीवर नाव घातलंय पण मी शिकलेली नाही, मीटिंगला नवराच जातो. चालतं का?

नाही चालत. आरटीई प्रमाणं कमिटीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका हव्यात, आणि त्या बायका म्हणजे खऱ्या बायका, त्यांच्या नवऱ्यांच्या सह्या नाहीत. मीटिंगमध्ये शिकलेलं काही लागत नाही. नळाला पाणी नाही हे सांगायला कसली डिग्री?

पण शाळेनंही बघायला हवं. नोटीस फक्त कन्नडमध्ये येते, ती मराठीतही वाचून दाखवा. मराठी शाळेत कन्नड बोलणारी आई असेल तर तिच्यासाठी उलट. मीटिंग दुपारी तीनला ठेवली तर शेतावरच्या आणि विडी वळणाऱ्या बायका येणारच नाहीत, मग 'पालकांना इंटरेस्ट नाही' असं मिनिट्समध्ये लिहायचं नाही. आम्ही अमावस्येला ठेवतो, त्या दिवशी शेतात बैल जुंपत नाहीत. गर्दी होते.

१४. शिक्षकच टोमणे मारतात, जातीवरून, भाषेवरून. तक्रार केली तर पोराला त्रास देतील.

ही भीती खरी आहे, नाही असं म्हणणार नाही. आरटीई चं १७ वं कलम मारणं आणि मानसिक त्रास दोन्ही बंद करतं. आधी तारीख, वार, नक्की शब्द वहीत लिहून ठेवा. मग हेडमास्तरांना लेखी, पोच घेऊन. नाही ऐकलं तर एसडीएमसी, मग बीईओ, मग डीडीपीआय म्हणजे जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक (आपल्या जिल्ह्यात दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी, आपला तालुका कुठल्यात ते बघा). एकट्यानं जाण्यापेक्षा तीन-चार पालक मिळून गेलात तर एका पोरावर राग निघत नाही. अंगाला हात लावण्याचा प्रकार असेल तर या पायऱ्या चढत बसू नका, सरळ पोलीस किंवा १०९८, हा पोरांसाठीचा मदतीचा नंबर फुकट आणि चोवीस तास.

१५. प्रायव्हेट इंग्लिश शाळेत आरटीई मधून २५ टक्क्यांत सीट मिळेल का?

कर्नाटकात २०१९ पासून अवघड झालंय. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेटमध्ये त्या कोट्यातनं मिळत नाही, आणि आपल्याकडं सरकारी शाळा जवळ नाही असं गाव शोधावं लागेल. एजंटला पैसे देऊ नका.

१६. दाखल्यावर पोराचं नाव कन्नडमध्ये चुकीचं पडलंय, 'चव्हाण' चं भलतंच झालंय. मोठी गोष्ट आहे का?

आहे. नाव चुकीचं हाक मारलेलं पोर आधी दुरुस्त करतं, मग कंटाळतं, मग तेच आपलं नाव धरून बसतं. आणि पुढं पासपोर्टला, महाराष्ट्रात ॲडमिशनला डोकेदुखी. एसएसएलसी चा (दहावीचा) फॉर्म जायच्या आधी दुरुस्त करून घ्या, नंतरचं काम लांबलचक आहे.

१७. चिडवणारं पोर आपलंच निघालं तर?

हा प्रश्न मला कुणी पाठवला नाही, मीच घालतेय, कारण माझंच निघालं. ९ नंबरमधल्या पोरीला माझा मुलगा 'कोपीवाली' म्हणायचा, आणि मी एसडीएमसीवर. दुसऱ्याच्या पोराचं असतं तर मी मीटिंगमध्ये ठासून बोलले असते, आपल्या पोराचं म्हटल्यावर तोंड वाळलं.

मारलं नाही. सगळ्यांसमोर माफी मागायला लावणार होते, पण बाईंनी अडवलं, म्हणाल्या त्यात तिचीच जास्त शोभा होते, सगळा वर्ग परत तो शब्द ऐकतो. त्याऐवजी त्यांनी दोघांना एका बाकावर बसवलं, तिनं त्याला पाढे पाठ करून घ्यायचे, त्यानं तिला वाचायला मदत करायची. पहिला आठवडा दोघंही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तो घरी येऊन सांगायला लागला की बॉयलर पेटला की कारखान्याचा भोंगा कसा होतो, वाढं म्हणजे काय, बैलाला काय आवडतं. मी त्याला घेऊन एकदा कोपीवर गेले, तिच्या आईनं चुलीवरचा चहा दिला, हा बशीतनं पिऊन आला.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, आणि गाड्या गेल्या. त्याची स्टीलची पट्टी तिच्याच दप्तरात राहिली. नवीन घेऊया म्हटलं तर म्हणाला, कशाला, दिवाळीनंतर येतीलच की ते.